झडपा मिटतात का?

व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत, मुख्य वाड्यापासून बऱ्याच अंतरावर, एका तळ्याकाठी एक छोटं खेडं आहे. गवतानं शाकारलेली छपरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, भाजीचे वाफे, ओढ्यावर पाणचक्की. पाहणाऱ्याला वाटावं, दोन-तीनशे वर्षं इथं कुणी शेती करत आलंय. प्रत्यक्षात १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेतसाठी रिशार मिक या वास्तुकारानं ते बांधायला घेतलं. नमुना म्हणून डोळ्यांसमोर होती नॉर्मंडीतल्या शेतकऱ्यांची घरं. अडचण एकच होती : नवं बांधकाम नवंच दिसतं. मग रंगारी कामाला लागले. ताज्या गिलाव्यावर त्यांनी कुंचल्यानं भेगा काढल्या, विटा झिजल्यासारख्या दाखवल्या, लाकूड उन्हापावसात पिकल्यासारखं रंगवलं. पाणचक्कीचं चाक पाण्यावर फिरायचं, पण आत दळायला जातंच नव्हतं. राणीच्या घराचं बाहेरचं रूप कुणब्याचं. आत दिवाणखाना, आणि लाकडी सज्जा ओलांडला की बिलियर्डची खोली.

असली हौस करणारी ती एकटी नव्हती. शांतियीच्या गढीत कोंदेच्या राजपुत्रानं काही वर्षं आधीच असं खेडं उभारलं होतं. म्हणजे ‘फ्रेंच कंट्री’ थाटाचं आलिशान घर ही आजच्या इंटिरियर मासिकांची कल्पना नव्हे. ऐपत असणाऱ्याला साधेपणाची ओढ लागते, आणि ते साधेपण तो खास कारागीर लावून घडवून घेतो, हा खेळ अडीचशे वर्षं जुना आहे. तेव्हापासून प्रत्येक मालकापुढे आणि वास्तुकारापुढे एकच पेच उभा असतो : चक्कीत जातं बसवायचं, की नुसतं चाक फिरवायचं?

नाव एक, घरं अनेक

गंमत अशी, की फ्रान्समधल्या गावकऱ्याला ‘फ्रेंच कंट्री’ म्हणजे काय ते सांगता यायचं नाही. त्याच्याकडे घरांची वेगवेगळी नावं आहेत. प्रोव्हान्समधल्या शेतघराला ‘मास’ म्हणतात, तिथल्याच सधन जमीनदाराच्या भारदस्त, चौकोनी घराला ‘बास्तीद’. ब्रिटनी आणि नॉर्मंडीत आगगाडीच्या डब्यासारखं लांबच लांब, एका ओळीत खोल्या असलेलं घर म्हणजे ‘लाँजेर’. गवती छपराचं घर म्हणजे ‘शोमिएर’.

ही घरं वेगवेगळी झाली ती पायाखालच्या मातीमुळे. नॉर्मंडीच्या ओज भागात बांधायला चांगला दगड मिळत नाही, लाकूड आणि चिकणमाती मात्र मुबलक. म्हणून तिथं ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि मधल्या जागा माती-गवताच्या लिंपणानं भरायच्या. पाऊस वरचेवर, म्हणून छप्पर अंगावर आल्यासारखं उभं. त्याच्या आढ्यावर चिकणमातीचा थर देऊन त्यात आयरिसची झाडं लावतात. फुलं शोभेची खरी, पण ती लावतात मुळांसाठी. मुळांनी आढ्यावरची माती धरून ठेवली नाही तर पाणी आत उतरतं. इकडे ल्वार नदीच्या खोऱ्यात ‘त्युफो’ नावाचा मऊ, साईच्या रंगाचा चुनखडक सापडतो, आणि आंजेजवळच्या खाणींतून काळसर पाटीचा दगड. म्हणून तिथल्या भिंती गोऱ्या आणि छपरं काळी. राजवाडा असो की शेतकऱ्याचं घर, माल त्याच खाणीतला.

या सगळ्यांना एका टोपलीत घालून ‘फ्रेंच कंट्री’ हे लेबल लावलं ते मुख्यतः अमेरिकेनं. पहिल्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक फ्रान्सची खेडी पाहून घरी परतले, आणि वास्तुकारांच्या कागदांवर उंच छपरांची, मनोऱ्याच्या जिन्यांची घरं दिसू लागली. घरांच्या शैलींचे अभ्यासक १९१५ ते १९४५ या काळातल्या अशा अमेरिकन घरांना ‘फ्रेंच इक्लेक्टिक’ म्हणतात, म्हणजे इथून थोडं, तिथून थोडं. फ्लोरिडात जॉर्ज मेरिक यानं कोरल गेबल्स हे शहर वसवताना १९२०च्या दशकात वेगवेगळ्या देशांच्या धर्तीच्या वस्त्या आखल्या. त्यांतल्या एकीचं नाव चक्क ‘फ्रेंच कंट्री व्हिलेज’, शेजारी दुसरी नॉर्मंडीच्या थाटाची. १९२६च्या चक्रीवादळानं तो बेत अर्ध्यावर मोडला. बांधून झालेली घरं आजही आहेत. पुढे १९८९ मध्ये पीटर मेल या इंग्रज लेखकाचं ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ हे पुस्तक आलं. ल्युबेराँ डोंगराच्या कुशीतलं दोनशे वर्षांचं जुनं शेतघर दुरुस्त करताना उडालेल्या तारांबळीची ती हकिगत. त्यानंतर ‘फ्रेंच कंट्री’ म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे नॉर्मंडीऐवजी प्रोव्हान्स उभा राहू लागला. म्हणून तिथल्याच घराकडे जरा जवळून पाहू.

वाऱ्याकडे पाठ

प्रोव्हान्समध्ये घर कसं बांधायचं हे आधी वारा ठरवतो. मिस्त्राल नावाचा हा कोरडा, थंड वारा रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून खाली झेपावतो. ताशी शंभर किलोमीटरची मजल तो सहज मारतो आणि एकदा सुरू झाला की कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. तिथल्या देवळांच्या घंटा टांगलेले लोखंडी मनोरे नुसत्या जाळीचे असतात, वाऱ्याला आरपार जाता यावं म्हणून.

म्हणून मास वाऱ्याकडे पाठ करून बसतो. उत्तरेची भिंत जवळजवळ आंधळी. खिडकी असलीच तर कोनाड्याएवढी. सगळी दारं-खिडक्या दक्षिणेला. उत्तरेच्या अंगाला सायप्रसची दाट रांग, वारा अडवायला. दक्षिणेच्या अंगणात चिनारच्या कुळातलं प्लेनचं झाड. त्याची पानं हिवाळ्यात गळतात, म्हणजे उन्हाळ्यात सावली फुकट आणि हिवाळ्यात ऊनही फुकट. मासिकातल्या फोटोत हे सायप्रस आणि प्लेन शोभेसाठी लावल्यासारखे दिसतात. त्यांच्या जागांची अदलाबदल करून पाहा : हिवाळाभर घर अंधारात आणि उन्हाळाभर भट्टीत.

भिंती दीड-दोन फूट जाड, आसपासच्या अनगड दगडांच्या, चुन्यात बसवलेल्या. अशी भिंत तापायला अर्धा दिवस घेते आणि निवायला अर्धी रात्र. उन्हाळ्यात दुपारी झडपा मिटून घ्यायच्या, रात्री सताड उघडायच्या, की घर गार राहतं. भिंतीला गिलावा चुन्याचाच हवा. चुन्याचा गिलावा भिंतीतल्या ओलाव्याची वाफ बाहेर जाऊ देतो. हौशी मालक घाईनं जुन्या दगडी भिंतीवर सिमेंट मारतात, आणि मग जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते. दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. खऱ्या भेगा हव्या असतील तर हा उपाय हमखास.

रंग मातीचाच. ल्युबेराँच्या पायथ्याशी रुसियों हे गाव गेरूच्या टेकड्यांवर वसलंय. १७८० च्या सुमारास तिथल्या जाँ-एत्येन आस्तिए यानं वाळूमिश्रित माती पाण्यानं धुऊन शुद्ध रंग वेगळा काढण्याची रीत बसवली, आणि पुढे शतकभर तो धंदा भरभराटीला आला. आपली पिवडी आणि गेरू यांच्यात जे नातं आहे तेच तिथंही : लोहाची पिवळी माती भट्टीत भाजली की पाणी निघून जातं आणि ती तांबडी होते. हा रंग मुळात लोहाच्या गंजाचा असल्यामुळे उन्हानं उडत नाही. म्हणून त्या गावच्या भिंती फिक्या पडल्या तरी विटलेल्या वाटत नाहीत.

डोईवरचं आणि पायाखालचं

प्रोव्हान्सचं छप्पर पाहून कोकणी माणूस थबकेल. अर्ध्या नळीच्या आकाराची मातीची कौलं, एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. आपली नळ्यांची कौलं त्यांची जवळची नातेवाईक शोभावीत. फरक उतारात. मार्सेयला वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, म्हणून छप्पर अगदी निजलेलं. छपराच्या कडेला वासे बाहेर डोकावत नाहीत. बाहेर आलेली वळचण मिस्त्राल उचकटून नेईल. त्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर चुन्यात कौलांच्या दोन-तीन ओळी एकीवर एक, थोड्या थोड्या पुढे काढत बसवतात. याला ‘झेन्वाज’ म्हणतात. खालून पाहिलं तर भिंतीला चुणीदार झालर लावल्यासारखी दिसते. ती पागोळ्या भिंतीपासून दूर टाकते आणि वाऱ्याला आत शिरायला फट ठेवत नाही. जितक्या ओळी जास्त तितका मालक सधन, असं तिथले लोक सांगतात. प्रतिष्ठा मिरवायची तर तीसुद्धा कामाच्या गोष्टीतून.

जुनं छप्पर दुरुस्त करताना जाणता कारागीर एक युक्ती करतो. नवी कौलं उताणी, खालच्या ओळीत घालतो आणि शेवाळलेली, डागाळलेली जुनी कौलं वर पालथी. पाणी वाहतं नव्या, घट्ट कौलांतून आणि नजरेला पडतात जुनी. इथं जुनेपणाचा देखावा आहे, पण खोटा काहीच नाही.

पायाखाली ‘तोमेत’, म्हणजे षट्कोनी मातीच्या फरशा. वार भागातलं सालेर्न हे गाव त्यांच्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या मातीत लोह भरपूर, म्हणून फरशी लाल. भाजलेल्या मातीला जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण पाजतात. अनवाणी चालणाऱ्याला ती संगमरवरासारखी गार लागत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीनं जिथं पाय जास्त पडतात तिथं किंचित खळगा पडतो. हा खळगाच आज सर्वांत महाग. पाडलेल्या घरांतून सोडवलेल्या जुन्या फरशा नव्या फरशांपेक्षा जास्त भावानं विकल्या जातात.

भाकरीचं शिंकं आणि नवरीचं फडताळ

या घराचा गाभा दिवाणखान्यात सापडायचा नाही, तो स्वयंपाकघरात. मोठी चूल, तिच्यावर धूर ओढून घेणारं दगडी धुराडं, कडेला एका अखंड दगडातून कोरलेलं धुण्याभांड्यांचं कुंड, मधोमध लांब मेज. आजच्या श्रीमंत घरात चुलीच्या जागी बिडाच्या आणि पितळेच्या, ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या भल्यामोठ्या शेगड्या येतात. पॅरिसमध्ये १९०८ साली सुरू झालेली ला कोर्न्यू ही कंपनी त्या करते. त्यांनाही आपली जागा आहे. पण या शैलीचा खरा जीव पाहायचा तर दोन जुन्या वस्तू पाहाव्यात.

पहिली ‘पान्तिएर’. अक्रोडाच्या लाकडाचा, कातीव दांड्यांचा एक छोटा पिंजरा. त्याला नक्षीदार दार आणि कुलूपही. तो भिंतीवर उंच टांगलेला. खाली पाव मळायची लाकडी पेटी, म्हणजे आपली काथवटच, झाकणासकट. पाव आठवड्यातून एकदा भाजायचा, म्हणून तो हवेशीर राहायला हवा आणि उंदरांच्या तोंडी जाता कामा नये. शिंक्यामागचा विचार हाच. आपण तो प्रश्न सुताच्या दोरीनं सोडवला, प्रोव्हान्सनं लाकडी कोरीवकामानं. आज पान्तिएर महागड्या घरांत दिवे लावून सजवतात. पाव मात्र फ्रीजमध्ये.

दुसरी वस्तू नॉर्मंडीची : नवरीचं फडताळ. लग्नात मुलीबरोबर तागाच्या चादरी, टेबलक्लॉथ, कपडे यांचं रुखवत जायचं आणि ते ठेवायला ओकचं उंच, दुपाखी कपाट. माथ्यावर कबुतरांची जोडी, फुलांची परडी, गव्हाच्या लोंब्या कोरलेल्या. ते खुंट्यांनी जोडलेलं असे, म्हणजे सासरी नेताना सुटं करता यायचं. पायांचा तो हलका बाक आणि कडांचे वळसे पंधराव्या लुईच्या दरबारी फर्निचरातून आलेले. गावच्या सुतारानं शहराचा थाट पाहिला, आणि सोन्याच्या मुलाम्याला फाटा देऊन तो गावठी लाकडात उतरवला. म्हणजे नक्कल दोन्ही बाजूंनी चालू होती. राणी शेतकऱ्याची करत होती, शेतकरी राजाची. फरक इतकाच, की शेतकऱ्याच्या कपाटात खरोखरच चादरी असायच्या.

कोयरीचा प्रवास

प्रोव्हान्सच्या घराचा सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे पडदे आणि टेबलक्लॉथ : पिवळ्या, निळ्या, तांबड्या सुती कापडावर बारीक फुलं आणि कोयऱ्या. हो, कोयऱ्याच. या कापडाला फ्रेंच भाषेत आजही ‘आँदिएन’ म्हणतात, म्हणजे ‘भारतीय’.

सतराव्या शतकात आपल्याकडचं चीट मार्सेय बंदरात उतरू लागलं. सुती, हलकं, आणि धुतलं तरी रंग न सोडणारं. युरोपात असं कापड तोवर नव्हतं. त्यामागचं रहस्य तुरटी. कापडावर आधी तुरटीसारख्या क्षारानं नक्षी काढायची आणि मग ते मंजिष्ठासारख्या मुळांच्या रंगात उकळायचं. क्षार लागलेल्या जागीच रंग घट्ट बसतो, बाकीचा धुऊन जातो. फ्रान्समधले रेशीम आणि लोकर विणणारे हवालदिल झाले. १६८६ मध्ये सरकारनं छापील कापडाची आयात आणि छपाई दोन्हींवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली आणि त्या सगळ्या काळात बायकांनी चोरून ते नेसणंही थांबवलं नाही. दरम्यान गास्तों-लोराँ कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्यानं १७४२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांची पद्धत पत्रातून तपशीलवार कळवली. बंदी उठल्याबरोबर, १७६० मध्ये, ओबरकाँफ यानं व्हर्सायजवळ झ्वी-आँ-झोझास इथं छपाईचा कारखाना काढला. गावगाड्याची, मेंढपाळांची एकरंगी चित्रं छापलेलं ‘त्वाल द झ्वी’ हे प्रसिद्ध कापड तिथलं.

म्हणजे ‘अस्सल फ्रेंच’ पडदा म्हणून जो आपण दामदुप्पट किमतीला घेऊ, त्यातली कोयरी आपल्याच दारातून गेलेली आहे. अस्सलपणाचा दाखला वस्तूच्या जन्मगावात शोधू नये. ती ज्या घरात गेली तिथं किती रुजली, ते पाहावं.

नवं घर बांधताना

समजा, एखाद्याला खरोखरच असं घर नव्यानं बांधून घ्यायचं आहे. फ्रान्समध्ये स्वतःसाठी बांधायचं घर १५० चौरस मीटरहून मोठं असेल तर वास्तुकार नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे. जवळ संरक्षित स्मारक असेल, तर साधारण ५०० मीटरच्या टापूत छपराच्या कौलापासून झडपांच्या रंगापर्यंत सरकारी वास्तुकाराचा शब्द चालतो. पैसेवाल्या मालकांना हा जाच वाटतो. गावं अजून गावांसारखी दिसतात ती यामुळेच.

इतरत्र असा पहारेकरी नसतो, म्हणून शिस्त आपली आपण पाळावी लागते. क्रम महत्त्वाचा. आधी जमीन आणि वारा, मग घराची लांबी-रुंदी, मग भिंत, मग छप्पर, फर्निचर त्यानंतर आणि पडदा सर्वांत शेवटी. बहुतेक घरं फसतात ती पडद्यापासून सुरुवात केल्यामुळे. घर मोठं हवं असेल तर एकच अवाढव्य ठोकळा करू नये. जुनी शेतघरं वाढत गेली ती तुकड्या-तुकड्यांनी : मूळ घर, मग गोठा, मग धान्याची खोली, मग मुलाचं बिऱ्हाड, प्रत्येकाचं छप्पर वेगळ्या उंचीवर. दहा खोल्यांचं घर अशा तीन-चार अंगांत विभागलं तर ते डोळ्यांना दांडगं वाटत नाही. खिडक्या रुंदीपेक्षा उंचीला जास्त, वरच्या मजल्यावर लहान होत गेलेल्या. आणि भोकांपेक्षा भिंत जास्त. काचेची अख्खी भिंत हवीच असेल तर ती घरामागच्या कोठाराच्या अंगाला घ्यावी. गाडी शिरायचं कोठाराचं दार मुळातच मोठं असतं.

आणि दूरदेशी बांधायचं असेल तर मूळ विचार न्यावा, आकार नेऊ नये. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथं प्रोव्हान्सचं निजलेलं, बिनवळचणीचं छप्पर घातलं तर पहिल्याच श्रावणात भिंतींवर हिरवी बुरशी चढेल. मासची खरी शिकवण तिथं पाळायची तर उभं छप्पर, लांब वळचण आणि पडवी येईल, म्हणजे घर फ्रेंच न दिसता मावळी दिसेल. शिकवण मात्र अस्सल फ्रेंचच राहील.

घर खरं की नुसतं सजवलेलं, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. झडपा पाहाव्यात. फ्रान्समध्ये खिडकीची तावदानं आत उघडतात आणि लाकडी झडपा बाहेर, म्हणून खोलीत उभं राहून हात बाहेर काढून झडपा ओढून घेता येतात. प्रत्येक झडप खिडकीच्या बरोबर निम्म्या रुंदीची. उघडल्यावर वाऱ्यानं आपटू नये म्हणून भिंतीत एक छोटी बिडाची कळ बसवलेली असते. पुष्कळदा तिचा आकार टोपी घातलेल्या धनगरणीच्या मुंडक्याचा. झडप उघडी असली की ती ताठ उभी राहून तिला अडवते, मिटायची असली की मान खाली टाकते.

जगभरच्या असंख्य ‘फ्रेंच कंट्री’ बंगल्यांवर झडपा असतात, पण त्या भिंतीला स्क्रूनं ठोकलेल्या, खिडकी झाकायला वीतभर कमी पडणाऱ्या. त्या म्हणजे आत जातं नसलेल्या चक्कीचं चाक. अशा घरी पाहुणे म्हणून गेलात, तर मालकाला फर्निचरची किंमत विचारू नका. दुपारचं ऊन चढेपर्यंत बसा आणि म्हणा, “झडपा जरा ओढून घेता का?”